साबुदाण्याचा सोयरा: जळगावात बबल टी

(दृश्य: जळगावचा रिंग रोड, मे महिन्यातली संध्याकाळ. दुकानांची शटर वर जाताहेत.)

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो. दुपारभर रस्ते सुने असतात. ऊन कललं की सगळं शहर काहीतरी थंड प्यायला बाहेर पडतं. रसवंती, सोड्याची गाडी, फालुदा हे तर जुनेच. आता त्यांच्या शेजारी एक नवं दुकान थाटलं आहे. उंच पेला, तोंडावर मशीननं चिकटवलेलं पातळ प्लास्टिक, करंगळीएवढी जाड नळी आणि तळाशी काळे, चकचकीत गोळे. हीच बबल टी.

(दृश्य: दुकानाची मागची बाजू. शेगडीवर मोठं पातेलं.)

काउंटरवरचा रंगीत मेनू नंतर पाहू. या दुकानाची खरी परीक्षा मागच्या पातेल्यात होते. पाणी खळखळून उकळलं की मगच त्यात हे गोळे पडतात. गार पाण्यात पडले तर विरघळून लगदा होतो. अर्धा तास उकळायचं, झाकण ठेवून मुरू द्यायचं, मग निथळून काळपट साखरेच्या पाकात सोडायचं. त्यानंतर हातात काही तासच उरतात. गोळे शिळे झाले की आतून कोरडे, पिठूळ लागतात, आणि फ्रीजमध्ये ठेवले तर आणखी लवकर कडक होतात. सकाळी शिजवलेले गोळे रात्री गिऱ्हाइकाला देणारं दुकान कितीही सजवलेलं असो, तिथला पेला घेऊ नये.

हे गोळे आपल्याला परके वाटतात, पण त्यांचं रक्ताचं नातं आपल्या एकादशीशी आहे. हे गोळे आणि उपासाचा साबुदाणा, दोन्ही एकाच कंदाच्या पिठीचे: टॅपिओका, म्हणजे कसावा. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांबरोबर तो समुद्रापार पसरला. केरळात त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाल महाराजांनी १८८०च्या दशकात त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तमिळनाडूतल्या सेलमला साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले. आषाढीला मुक्ताईनगरची पालखी पंढरपुरात असते तेव्हा इथं घराघरांत जी खिचडी परतली जाते, तिच्यातला साबुदाणा बहुतेक वेळा तिकडचाच असतो. फरक घडणीत आहे. साबुदाणा कारखान्यातच भाजून किंवा वाफवून अर्धवट शिजवलेला असतो, म्हणून तो रात्री भिजत घालता येतो. बबल टीचा गोळा जवळजवळ कच्चा असतो, म्हणून त्याला उकळतं पाणीच लागतं. हे कळलं की आपल्या आया-मावश्यांना या दुकानात काहीच नवखं वाटणार नाही.

(दृश्य: टेबल. पहिला पेला येतो. एक आजोबा, शेजारी कॉलेजात जाणारी नात.)

पहिला पेला साध्या दूध-चहाचा. चहाची पत्ती गरम पाण्यात मुरवून गाळलेली, त्यात दूध, पाक, बर्फ, आणि सगळं बंद डब्यात जोरजोरानं हलवलेलं. वर फेस येतो तो या हलवण्यामुळे. आजोबा एक घोट घेतात आणि नातीकडे पाहतात.

“हाऊ चहा शे का सरबत?”

“आप्पा, आधी ढवळा, मग ओढा. खालचे गोळे यायला हवेत.”

आप्पांचा प्रश्न अगदी रास्त आहे. आपली जीभ दुधात उकळलेल्या कडक चहावर वाढलेली. इथं बर्फ वितळत जातो तसा चहा फिका पडतो. म्हणून चहाचं पाणी नेहमीपेक्षा बरंच कडक काढावं लागतं. या पेल्यात ते काढलेलं नव्हतं. गोळे मात्र ताजे होते. दाताखाली मऊ दबत होते आणि शेवटी किंचित ताणत होते. आप्पांनी चहा अर्धा ठेवला, गोळे सगळे संपवले.

दुसरा पेला जांभळा, टॅरोचा. टॅरो म्हणजे आपल्या अळूचा कंद. खरा कंद आतून पांढरट असतो, त्यात जांभळ्या रेषा. एवढा गडद रंग पुडीतल्या पावडरीचा. तिसऱ्यात आंब्याचा रस आणि तोंडात फुटणाऱ्या गोळ्या. समुद्री शेवाळातून काढलेलं अल्जिनेट कॅल्शियमच्या पाण्यात पडलं की त्याची पातळ साल धरते, आत रस राहतो. मुलांना मजा येते. पण आमरसाच्या मुलखात हा आंबा फार गोड आणि फार पातळ लागतो.

चौथा पेला आला आणि टेबलावरचं बोलणं थांबलं. यात चहाच नाही. पेल्याच्या आतल्या बाजूला पाकाचे ओघळ, तळाशी कोमट गोळे, वरून थंड दूध. एका घोटात गरम आणि गार, दोन्ही. साखर अर्धी सांगितली होती, म्हणून दुधाची चव जिवंत राहिली. आमच्या मते हाच इथला सर्वोत्तम पेला.

एक मात्र काळजीनं सांगायला हवं: अगदी लहान मुलांच्या हाती ही जाड नळी देऊ नका. जोरात ओढलं की गोळा थेट घशात जातो.

(दृश्य: तैवानचा नकाशा.)

बबल टी १९८०च्या दशकात तैवानमध्ये जन्मली. ताइचुंगचं चुन शुई तांग आणि ताइनानचं हानलिन, दोन्ही दुकानं तिच्यावर हक्क सांगतात. त्यांचा दावा दहा वर्षं चालला. २०१९ साली न्यायालयानं सांगितलं की पेटंट कोणाकडेच नाही, तेव्हा ती कोणीही बनवावी.

मग जळगावनंही आपल्या पद्धतीनं बनवावी की! २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं केळं जिल्ह्याच्या शेतांत आहे, आणि या मेनूत ते कुठंच नाही. काळपट साखरेच्या जागी गूळ घ्यावा. उकळत्या दुधात गूळ टाकला तर दूध फाटतं, पण इथं दूध थंडच असतं. गोळे गुळाच्या पाकात मुरवावेत, वरून केळं घुसळलेलं दूध ओतावं. केळं तेवढं गिऱ्हाइकासमोर, ऐनवेळी सोलावं. आधी कुस्करून ठेवलं तर काळं पडतं.