कार्टूनच्या डीव्हीडीचं परीक्षण

नमस्कार, श्रोतेहो.

जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशननं १९८९ साली ‘जंगल बुक’ची ५२ भागांची मालिका काढली. आपल्याकडे ती दूरदर्शनवर हिंदीत लागली. तिचं शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. तेव्हाची मुलं आज आई-बाबा झाली आहेत आणि आपल्या पोरांनाही तीच मालिका दाखवावी असं त्यांना फार वाटतं. मग कुणी अमेरिकेतल्या भावाला सांगून डीव्हीडीचा संच मागवतं. संच येतो, पण त्यात ते गाणं नसतं आणि नानांचा आवाजही नसतो. गाणं दूरदर्शनसाठी केलेलं होतं, मूळ जपानी मालिकेत ते नव्हतंच. कधीकधी तर संच घरच्या प्लेयरवर चालतही नाही.

मालिका तीच, हातात आलेली वस्तू मात्र निराळी. म्हणून कार्टूनच्या डीव्हीडीचं परीक्षण लिहिताना मालिका कशी आहे आणि डीव्हीडी कशी आहे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायचे. मालिकेबद्दल पुष्कळ लोक लिहितात. डीव्हीडीबद्दल नीट लिहिलेलं क्वचित वाचायला मिळतं आणि पैसे तर आपण डीव्हीडीचे मोजतो. त्यामुळे आज बोलायचं आहे ते मुख्यतः तिच्याबद्दल.

सुरुवात खोक्याच्या मागच्या बाजूपासून. तिथे पृथ्वीगोलाचं एक छोटं चित्र असतं आणि त्यात एक आकडा. डिस्क जगाच्या कोणत्या विभागातल्या प्लेयरवर चालेल, ते तो सांगतो. भारताचा विभाग ५, अमेरिकेचा १. शून्य असेल तर कुठेही चालते. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हवर विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्या बदलानंतर तो तिथेच कायमचा अडकतो. हा आकडा परीक्षणात आलाच पाहिजे. त्यासोबत प्रकाशक, साल, डिस्क किती, भाषा कोणत्या आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र कोणतं, हेही लिहायचं.

मग डिस्क उलटी करून उजेडात धरा. कारखान्यात छापलेली डिस्क रुपेरी दिसते, दोन थरांची असेल तर किंचित सोनेरी. खालची बाजू जांभळट असेल तर ती घरगुती बर्नरवर भरलेली कॉपी. जुन्या बाजारात रविवारी ‘शंभर कार्टून एकात’ म्हणून मिळतात त्यातल्या बऱ्याच अशाच असतात. छापील डिस्कवर मधल्या भोकाभोवती बारीक अक्षरांत ‘आयएफपीआय’ (ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची आद्याक्षरं) आणि त्यापुढे संकेतांक असतो. तो शोधायला भिंग लागलं तरी शोधा.

यानंतर थोडं गणित. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. एका थरावर दोन तास भरले तर चित्राच्या प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला साधारण ५ मेगाबिट माहिती येते आणि कार्टून छान दिसतं. म्हणजे २३ मिनिटांचे पाच भाग. त्याच एका थरावर दहा भाग कोंबले तर वाटा निम्म्यावर येतो. मग काय बिघडतं? कार्टूनमध्ये सपाट रंग असतात आणि त्यांच्या कडेला काळी ठसठशीत रेघ. सपाट रंग दाबायला, म्हणजे कमी जागेत बसवायला, सोपा जातो, रेघ जात नाही. वाटा कमी पडला की रेघेभोवती चिलटं घोंगावल्यासारखे बारीक ठिपके दिसायला लागतात आणि संध्याकाळच्या आकाशातल्या रंगछटांचे पट्टे पडतात. ५२ भागांची मालिका चार-पाच डिस्कमध्ये बसवलेली दिसली तर डिस्क एका थराची की दोन, हे आधी बघा.

हल्लीच्या मोठ्या टीव्हीवर हे दोष लगेच उघडे पडतात. पुण्यात वर्षानुवर्षं व्हीसीडीवर, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या, कमी माहिती मावणाऱ्या डिस्कवर, कार्टून पाहिली गेली. त्यात चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, डीव्हीडीत ते ७२० बाय ५७६. ‘चित्र धूसर आहे’ एवढ्यावर परीक्षण थांबवू नका. खोक्यात डीव्हीडी आहे की कुणी व्हीसीडीचं चित्रच डीव्हीडीवर चढवलंय, याची खात्री करून घ्या.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी तपासणी. रिमोटवर पॉज दाबा आणि एकेक फ्रेम पुढे सरका. त्यासाठी एखादं पळणारं पात्र निवडा. समजा, एक लांडगा धावतोय. टीव्हीसाठीच्या कार्टूनमध्ये एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी प्रत्यक्ष काढलेली चित्रं बारा, कधी आठच. चांगल्या डीव्हीडीत ही चित्रं एकामागून एक स्वच्छ येतात. वाईट डीव्हीडीत मध्येच एक फ्रेम अशी येते की लांडग्याला दोन शेपट्या आहेत, दोन्ही फिकट, आणि एकीतून मागचं झाड दिसतंय. दोन चित्रं एकमेकांत मिसळली आहेत.

याचं कारण असं. जपान आणि अमेरिकेची टीव्ही पद्धत एनटीएससी, सेकंदाला सुमारे ३० फ्रेमची. आपली पॅल, २५ फ्रेमची. मूळ फिल्मवरून नव्यानं प्रत काढण्याऐवजी परदेशी टीव्हीची टेप यंत्रातून बदलून घेतली की आकडे जुळवण्यासाठी यंत्र चित्रं मिसळतं. चालू चित्रात डोळ्यांना ते थेट कळत नाही, पण हालचाल पुसट आणि डळमळीत वाटते. लहान मूल हे बोलून दाखवणार नाही, तरी चित्र तेच बघत असतं. म्हणून ही तपासणी आपण करायची.

फिल्मवरून नीट प्रत काढली असेल तरी एक फरक राहतो. २४ फ्रेमची फिल्म २५च्या वेगानं धावते, त्यामुळे २३ मिनिटांचा भाग जवळजवळ ५५ सेकंद आधी संपतो आणि आवाज थोडा चढतो. पेटीवर काळी एक ते पांढरी दोन जेवढं अंतर, त्याच्या पाऊण भागाइतका. हा दोष धरू नका, पॅल पद्धतीत तो बहुधा येतोच. ‘भाग कापला आहे’ असं लिहिण्याआधी मात्र हे गणित करून बघा.

जुनी कार्टून पारदर्शक सेलवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर, हातानं रंगवलेली असत. त्यावर धुळीचे कण दिसतात, रंग किंचित थरथरतो. मूळ कामातच ते आहे. चित्र कमी जागेत दाबून बसवल्यामुळे आलेला दोष चौकोनी असतो आणि डिस्क पुन्हा लावली तरी नेमका त्याच जागी दिसतो. डिस्क पुसल्यावर गेला किंवा बदलला तर तो ओरखड्याचा किंवा बोटाच्या ठशाचा. पुसायची ती मऊ सुती कापडानं, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसलं आणि ओरखडा डिस्कवरच्या माहितीच्या गोलाकार ओळीच्या दिशेनं गेला, तर प्लेयरला चूक दुरुस्त करता येत नाही. आडवा छोटा ओरखडा तो सहज सांभाळून घेतो.

धूळ काढण्याच्या नादातही काही कंपन्या बिघडवून ठेवतात. सफाईचं सॉफ्टवेअर एकाच फ्रेममध्ये दिसणारी बारीक गोष्ट कचरा समजतं. वेगानं हललेल्या हाताची बाह्यरेषा त्याला कचरा वाटते आणि ती मधूनच तुटते. धावण्याच्या, मारामारीच्या प्रसंगात बोटांच्या आणि नाकाच्या रेषा बघा. चित्रकारानं काढलेली रेघ पुसणारी सफाई मी तरी वाईटच म्हणेन. त्यापेक्षा धूळ परवडली.

चित्राची चौकट तपासायला गाडीचं चाक किंवा पौर्णिमेचा चंद्र शोधा. अंड्यासारखा दिसला तर चित्र ताणलं आहे. आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये बघा, दोष बहुधा तिथेच सापडतो. चंद्र गोल आहे आणि जुनी मालिका तरीही रुंद पडदा भरून दिसतेय, तर वरखालून मिळून पाव चित्र कापलंय. पात्रांच्या टोप्या आणि पावलं वारंवार चौकटीबाहेर जातात, त्यावरून हे चटकन कळतं.

पुढची तपासणी सहा वर्षांच्या मुलाच्या हाताची. डिस्क आत गेल्यापासून पहिलं चित्र हलेपर्यंत किती बटणं दाबावी लागतात, ते मोजा. मेन्यू इंग्रजी शब्दांचा आहे की चित्रांचा? मेन्यूचं संगीत भागापेक्षा मोठ्यानं वाजतं का? दुपारी आजी झोपलेली असते त्या घरात हे बारीकसारीक नाही. हिंदी निवडली तर पुढच्या भागालाही हिंदीच राहते की पुन्हा इंग्रजी होते? शीर्षकगीत संपतं तिथे चॅप्टर, म्हणजे रिमोटनं थेट उडी मारता येईल अशी खूण, आहे का? भागांचा क्रम बरोबर आहे का? तिसऱ्या भागात ओळख होणारं पात्र दुसऱ्यातच जुना मित्र म्हणून वावरत असेल, तर क्रम चुकलाय.

वय सांगताना ‘लहान मुलांसाठी योग्य’ एवढ्यानं पालकांचं भागत नाही. कोणत्या भागात, कितव्या मिनिटाला आई-वडील मरतात, अंधारात डोळे चमकतात, रक्त दिसतं, याची नोंद द्या. कोणतं मूल कशाला घाबरतं ते घरच्यांना ठाऊक असतं, नोंद मिळाली की ठरवायचं काम ते करतील.

आणि मराठी. मराठी ध्वनिपट्टी असेल तर सलग दोन भाग डोळे मिटून ऐका. ‘मी तुला मदत करेल’ असं पात्र म्हणत असेल, तर भाषांतर घाईत झालंय. मराठीत ‘मी करेन’. अस्वलाला पिल्लं ‘अहो’ म्हणतात की ‘अरे’, आणि शेवटपर्यंत तेच म्हणतात का, याकडे लक्ष द्या. ओठांशी जुळावं म्हणून वाक्याची मोडतोड झाली असेल तर ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. उदाहरण दिलं की वाचणाऱ्याचं वाचणाऱ्यालाच कळतं. गाणी मराठीत केली आहेत की गाणं लागलं की एकदम हिंदी सुरू होते, हेही लिहा.

शेवटचा भाग संपल्यावर लगेच डिस्क काढू नका. श्रेयनामावली पूर्ण जाऊ द्या. मूळ चित्रकारांची नावं बहुतेक वेळा असतात. आपल्या भाषेत आवाज देणाऱ्यांची आणि संवाद लिहिणाऱ्यांची अनेकदा नसतात. असली तर फ्रेम थांबवून उतरवून घ्या आणि परीक्षणात लिहा. नसली तर नावं दिलेली नाहीत, असं स्पष्ट लिहा.

नमस्कार.