विभाजनाच्या मध्यावर अडलेली पेशी

पेशीचे विभाजन आणि पेशीचा मृत्यू हे दोन स्वतंत्र विषय आहेत, असे मला विद्यार्थिदशेत शिकवले गेले. दोन्हींची प्रकरणे वेगळी, प्रयोगशाळा वेगळ्या आणि परिषदाही वेगळ्या. संशोधनात इतकी वर्षे घालवल्यावर आज आपल्यापुढे मला जे मांडायचे आहे ते याच्या उलट आहे. विभाजनाला सज्ज होणारी पेशी मरण्याची सिद्धताही सोबत बाळगून असते, आणि यांपैकी एकीचा अभ्यास दुसरीला वगळून पुरा होत नाही.

या दोन्ही घटनांची अगदी सुरुवातीची बारकाईची वर्णने एकाच संशोधकाने केली आहेत, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या पिलांच्या पेशी रंगवून गुणसूत्रे कशी विभागली जातात ते टिपले आणि १८८२ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तीनच वर्षांनी त्यांनी अंडाशयातील ऱ्हास पावणाऱ्या पुटिकांमध्ये केंद्रकाचे तुकडे होऊन नाहीशा होत जाणाऱ्या पेशींचेही वर्णन केले. पहिले काम पाठ्यपुस्तकांत गेले. दुसरे बहुतांशी विस्मरणात. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये ‘अपोप्टोसिस’, म्हणजे पेशीचे नियोजित मरण, ही संकल्पना मांडली, तेव्हा कुठे पेशीचा मृत्यू हीदेखील एक शिस्तबद्ध जैविक क्रिया असू शकते याकडे पुन्हा लक्ष गेले.

त्यानंतरचा मोठा पुरावा जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीने दिला. जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी सी. एलेगन्स या कृमीतील प्रत्येक पेशी कोणत्या विभाजनातून जन्मते याचा माग काढला. उभयलिंगी कृमीच्या वाढीत १,०९० शरीरपेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ मरतात, प्रत्येक कृमीत त्याच आणि ठरलेल्या वेळी. यांतल्या कितीतरी पेशी विभाजनातून जन्मल्यानंतर थोड्याच वेळात मरतात आणि त्यांच्या जोडीच्या पेशी मात्र जगतात. पुढे हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने १९८६ मध्ये दाखवले की सेड-३ किंवा सेड-४ या दोन जनुकांपैकी एकही निकामी झाले, तर हे मृत्यू घडतच नाहीत. मरणासाठी पेशीजवळ स्वतःची जनुके असतात, हे त्यातून निर्विवाद झाले.

माझी स्वतःची वाटचाल मात्र विभाजनाच्या बाजूने सुरू झाली. लेलँड हार्टवेल, पॉल नर्स आणि टिम हंट यांच्या कामाने पेशीचक्र चालवणारी यंत्रणा उलगडत होती, आणि ती यंत्रणा समजली की कर्करोगही समजेल अशी त्या काळी आमची धारणा होती. त्या धारणेला दोन शोधांनी धक्का दिला. लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगात सापडलेले बीसीएल-२ हे जनुक पेशींना विभागायला लावत नाही, केवळ मरू देत नाही, असे डेव्हिड व्हॉक्स, सुझन कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी १९८८ मध्ये दाखवले. दुसरा शोध मला अधिक विलक्षण वाटतो. पेशींना विभाजनाकडे ढकलणारे मिक हे जनुक, वाढीचे संदेश मिळत नसताना, त्याच पेशींना मृत्यूकडेही ढकलते, हे १९९२ मध्ये स्पष्ट झाले. एकाच जनुकाच्या हातून दोन्ही कामे होतात हे वाचल्यानंतर मला या विषयांच्या मधली भिंत मान्य करता आली नाही.

म्हणून मी माझा वेळ विभाजनाच्या मध्यावर अडलेल्या पेशीला दिला. गुणसूत्रे वेगळी होण्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्र तर्कूच्या, म्हणजे गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणाऱ्या तंतूंच्या रचनेच्या, तंतूंना नीट जोडले गेले आहे की नाही, हे पेशी तपासते. एकही जोडणी बाकी असेल तर ती थांबते. कॉनली रीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये गुणसूत्रावरची ती शेवटची, तंतूला न जोडलेली जागा लेझरने नष्ट केली, तेव्हा थांबलेली पेशी पुढे निघाली. त्या प्रयोगाचा नेटकेपणा मला आजही मोहवतो. टॅक्सॉलसारखी कर्करोगावरील औषधे तंतूंचा समतोल बिघडवून पेशीला याच टप्प्यावर अडकवतात. मानवी पेशीत एरवी तासाभरात उरकणारा हा टप्पा मग अनेक तास, कधी दिवसभरही लांबतो.

सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशींचे सलग चित्रण केले की काही जागच्या जागी मरताना दिसतात, तर काही गुणसूत्रे न विभागताच त्या अवस्थेतून निसटतात आणि दुप्पट गुणसूत्रे घेऊन जगतात. एकाच वाणाच्या, एकाच औषधातील पेशींमध्ये हा फरक पडतो. कॅरेन गॅस्कॉइन आणि स्टीफन टेलर यांनी २००८ मध्ये त्याची मांडणी दोन प्रक्रियांच्या शर्यतीच्या रूपात केली. अडलेल्या पेशीत सायक्लिन-बी हे पेशीला विभाजनाच्या अवस्थेत धरून ठेवणारे प्रथिन हळूहळू घटत असते. ते पुरेसे घटले की पेशी निसटते. त्याच वेळी मृत्यूचे संकेत साठत असतात आणि त्यांना रोखणारे एमसीएल-१ हे प्रथिनही घटत जाते. जी मर्यादा आधी ओलांडली जाईल, तिच्यावर त्या पेशीचे भवितव्य ठरते. माझ्या प्रयोगशाळेने सर्वाधिक वर्षे या शर्यतीचा वेग मोजण्यात घालवली, कारण औषधाला दाद न देणाऱ्या गाठीचे एक कारण इथेच असू शकते, असे मला वाटत आले आहे.

तरीही या चित्राला एक गंभीर मर्यादा आहे, आणि ती मी मोकळेपणाने सांगायला हवी. बशीतील पेशींना आपण औषधाची जी मात्रा देतो, तिच्यापेक्षा रुग्णाच्या गाठीत पोहोचणारी मात्रा बरीच कमी असू शकते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्तनाच्या कर्करोगावरील एका अभ्यासात असे आढळले की गाठीतील पेशी दीर्घकाळ अडून राहण्याऐवजी दोनापेक्षा अधिक ध्रुवांचा (टोकांचा) तर्कू बनवतात, तशाच विभागतात आणि गुणसूत्रांची वाटणी चुकते. म्हणजे मृत्यू अडलेल्या पेशीत न येता तिच्या कन्यापेशींत, विभाजनानंतर येतो. आता माझे विद्यार्थी याच कन्यापेशींचा पाठपुरावा करत आहेत: गुणसूत्रांची किती उलथापालथ झाल्यावर त्या मरतात, कोणत्या टिकून राहतात, आणि टिकणाऱ्या पेशींत बीसीएल-२ च्या कुळातील कोणते प्रथिन मृत्यूला अडवून धरते.