खुर्ची ओढून बसताना

श्रोतेहो, नमस्कार.

परळच्या हॉस्पिटलांच्या आसपास पहाटे कधी गेला असाल, तर फुटपाथवर पथारी टाकून झोपलेली माणसं पाहिली असतील. उशाला प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत फाईल. अशीच एक फाईल माझ्या मनातून जात नाही.

मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर होते. लालबागचे एक काका वॉर्डात होते. १९८२च्या संपात त्यांची गिरणी सुटलेली. कॅन्सर स्वादुपिंडातून यकृतात उतरला होता. मुलगा मला जिन्यात गाठून म्हणाला, "मॅडम, बाबांना काही सांगू नका हां." मला हायसं वाटलं. जे मला बोलायचंच नव्हतं, ते न बोलायची परवानगीच मिळाली!

आषाढात काकांनी विचारलं, "गणपतीला गावी जायला मिळेल ना?" मी फाईलमध्ये डोकं घालून म्हटलं, "आधी ताकद येऊ दे, मग बघू." त्यांचा हात चादरीवर होता, बोटांची पेरं सुजलेली. त्याच्या सहा महिने आधी माझे वडील गेले होते, त्यांचे हात असेच दिसायचे. त्या हाताकडे बघणं मला जमलं नाही. काका श्रावणात वॉर्डातच गेले. त्यांच्या शर्टाच्या खिशात कोकण रेल्वेचं तिकीट होतं. काकू एवढंच म्हणाल्या, "आधी कळलं असतं तर तेव्हाच नेलं असतं हो."

त्यांना धक्का बसू नये म्हणून मी गप्प राहिले, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर मी स्वतःला जपत होते.

१९६१ साली अमेरिकेतल्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टर म्हणाले होते, कॅन्सर झालाय हे रोग्याला सांगू नये. कारण विचारलं की ते अनुभवाचं नाव घेत. खोलात गेल्यावर दिसलं, की मतं भावनेवर उभी होती. १९७९ साली तसाच प्रश्न विचारला, तर ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. एवढा फरक पडला तो डॉक्टरांत. मरणाचं भय तर दोन्ही वेळेला तेच होतं.

वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे. शेवटच्या दिवसांत वेदना कमी करणारी, देशातली अशी पहिली जागा. तिथलं नाव चिठ्ठीवर लिहिताना माझा हात अडायचा. लिहिलं की आपण हरलो, असं वाटायचं. रोगी बरा होणार नाही म्हणजे माझं काम संपलं, हा माझा केवढा मोठा गैरसमज!

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रोग्याशी बोलणं शिकवतात. फार चांगलं झालं. पण वाक्यं पाठ करून भागत नाही. माझ्या हाताखालच्या मुलामुलींना मी आधी विचारते, "तुमच्या घरातलं कोण गेलंय? तेव्हा तुम्ही कुठे होता?" काहींना रडू येतं. येऊ दे. मग आम्ही वॉर्डात जातो.

आता मी मोबाईल बंद करते, खुर्ची ओढून बसते आणि आधी विचारते, "तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?" बहुतेकांना कळलेलं असतं. परवा एका आजींनी माझंच मनगट धरलं. म्हणाल्या, "बाय, तू नको घाबरू. किती दिवस ते सांग. नातीचं बारसं करायचंय."

आम्ही दोघींनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून खाटेवर ठेवलं.