मोठं झालेलं कुत्रं घरी आणताना

(कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आधीच सांगून टाकते, भटक्या कुत्र्यांचा प्रश्न कसा सोडवावा यावर मी आज बोलणार नाही. तो विषय निघाला की पाच मिनिटांत सभागृहात दोन तट पडतात आणि चहा तसाच राहतो. माझा विषय लहान आहे. मी ज्या निवाऱ्यात काम करते तिथे चार-पाच वर्षांची, चांगली माणसाळलेली कुत्री घर मिळायची वाट बघत बसली आहेत. त्यांना कोणी नेत नाही. माझ्या मते तुमच्या वयाच्या माणसांसाठी तीच सगळ्यात सोयीची कुत्री आहेत. हे तुम्हाला पटवता आलं तर बघायचं.

आम्हाला फोन येतात ते असे : “पिल्लू आहे का? दीड-दोन महिन्यांचं? मादी नको. काळं नको, शक्यतो फिकट रंगाचं.” एकेकाळी स्थळं बघताना लोक जी यादी सांगायचे, तीच आता कुत्र्यांच्या वाट्याला आली आहे. पत्रिका तेवढी अजून कोणी मागितलेली नाही.

पिल्लू गोड असतं, वाद नाही. पण दोन महिन्यांचं पिल्लू दर दोन तासांनी शू करतं, रात्रीसुद्धा. दिवसातून तीन-चार वेळा खातं. दात येताना चपला, रिमोट, सोफ्याचे पाय, जे सापडेल ते चावतं. लशींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत त्याला खाली नेता येत नाही, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकून राहतो. हे सगळं पासष्टाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, कशाला अंगावर घ्यायचं? मोठं कुत्रं सहा-सात तास आरामात थांबतं आणि दिवसाचा निम्मा वेळ झोपून काढतं. शिवाय त्याचा आकार आणि स्वभाव काय आहे ते समोर दिसत असतं. पिल्लू मोठेपणी केवढं होईल आणि कसं निघेल, हे कोणी सांगू शकत नाही.

आता रस्त्यावरचं कुत्रं मोठं कसं होतं ते बघा. आपल्याकडे भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे जुन्या लोकांना सांगायला नको. गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा, म्हणून पिल्लांचा मुख्य हंगाम थंडीत येतो. त्या पिल्लांचं पुढे काय होतं, याची नीट मोजदाद आपल्याच देशात झाली आहे. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत डॉ. अनिंदिता भद्र रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करतात. त्यांच्या गटाने पश्चिम बंगालमधल्या ९५ वेतांमधली ३६४ पिल्लं डोळ्यांसमोर ठेवली. २०१६ साली ते काम प्रसिद्ध झालं. सात महिन्यांपर्यंत जगली ती फक्त १९ टक्के. आणि मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंना माणूस कोणत्या ना कोणत्या प्रकारे कारणीभूत होता.

म्हणजे कर्वे रस्त्यावर किंवा सिंहगड रस्त्यावर चार वर्षं काढलेलं कुत्रं दिसलं, तर ते पाचातलं एक उरलेलं आहे. गाड्या, पार्व्हो आणि डिस्टेंपरसारखे साथीचे आजार, दगड मारणारी पोरं, या सगळ्यांतून ते निभावलं आहे. कोणापासून लांब राहायचं आणि कोणाजवळ जायचं, हे त्याला कळतं. ही अक्कल विकत मिळत नाही.

याच गटाचे आणखी दोन प्रयोग मला फार आवडतात. एकात अनोळखी माणूस दोन झाकलेल्या भांड्यांपैकी एकाकडे बोट दाखवायचा. २०२०मध्ये त्याचे निष्कर्ष आले. निम्मी कुत्री जवळच आली नाहीत. पण जी आली, त्यांतल्या सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी बोट दाखवलेलंच भांडं गाठलं. त्यांना कोणी काही शिकवलेलं नव्हतं. दुसरा प्रयोग २०१७चा. अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना पुन्हा पुन्हा खाऊ दिला, काहींना नुसतं कुरवाळलं. विश्वास जास्त कोणाचा बसला? कुरवाळलेल्यांचा! आमच्या निवाऱ्यातल्या कोणाही मदतनीसाला विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं, पण मोजून सिद्ध झालेलं बरं असतं.

मात्र रस्त्यावर हाच प्रेमळ स्वभाव कुत्र्याच्या मुळावर येतो. नसबंदीसाठी गाडी आली की सगळ्यात आधी कोण सापडतं? जे शेपूट हलवत बिस्किटासाठी जवळ येतं ते. बुजरी, बेरकी मादी जाळी बघूनच पसार होते आणि पुढच्या भाद्रपदात पुन्हा वेत काढते. गेटपाशी अनोळखी पोराच्या मागे जातं ते हेच, स्कूटरच्या चाकाशी अंग घासायला येतं तेही हेच.

मग ही कुत्री निवाऱ्यात का आली, असं तुम्ही विचाराल. नियम तर असा आहे की नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच द्यायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. २००१च्या नियमांत हे होतं, २०२३च्या नव्या नियमांतही आहे. २०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. एवढ्यांना पिंजऱ्यात ठेवायला जागा कुठून आणणार? सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये आधी दिल्लीतली कुत्री कायमची निवाऱ्यांत हलवायला सांगितली आणि दहा-बारा दिवसांत तो आदेश बदलून, पिसाळलेली व आक्रमक वगळता बाकीची परत सोडायला सांगितलं. त्याच आदेशात एक गोष्ट आहे जिची फारशी चर्चा झाली नाही : ज्यांना कुत्रं दत्तक घ्यायचंय त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, आणि एकदा घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची.

आमच्याकडे राहतात ती बहुतेक अशी, ज्यांची ‘जिथून उचललं ती जागा’च उरलेली नाही. काही पाळलेली होती, बदली झाली किंवा बाळ झालं म्हणून सोडून दिलेली. काही अपघातातून वाचलेली. आणि अलीकडे पुण्यात एक नवाच प्रकार वाढलाय तो पुनर्विकासाचा. चाळीस वर्षांची इमारत पाडायला घेतात, पत्रे उभे राहतात. सभासदांना भाडं मिळतं, वॉचमनला दुसरीकडे नोकरी मिळते. जिन्याखाली झोपणाऱ्या कुत्र्याचा करारनाम्यात उल्लेख नसतो.

आमचा बंड्या असाच आला. तांबूस, छातीवर पांढरा पट्टा, डावा कान खाच दिलेला आणि थोडा मुडपलेला. दातांवरून वय पाचेक वर्षं. त्याला कोणी शिकवलेलं नाही, पण माणूस दिसला की आपली अ‍ॅल्युमिनियमची ताटली तोंडात धरून दाराशी येतो. भूक लागलेली असते असं नाही. ताटली पायाशी ठेवतो आणि तुमच्याकडे बघतो. उचललीत तर पुन्हा मागतो. ताटलीच्या कडेला त्याच्या दातांचे बारीक पोचे पडले आहेत. रविवारी भेटायला येणारी माणसं त्याचे फोटो काढतात, “किती हुशार आहे हो” म्हणतात आणि पिल्लांच्या खोलीकडे जातात.

तुम्ही बघायला याल तेव्हा एक लक्षात ठेवा. पिंजऱ्यातल्या कुत्र्यावरून त्याचा स्वभाव ठरवू नका. चाळीस कुत्री एकदम भुंकत असतात, त्या गोंगाटात शांत कुत्रंही दारावर उड्या मारतं. तुम्ही घाबरता, “हे अंगावर येतंय” म्हणता. उलट कोपऱ्यात निपचित पडलेलं तुम्हाला गरीब वाटतं, आणि ते कदाचित प्रचंड घाबरलेलं असतं. म्हणून त्याला पट्टा लावून बाहेर आणायला सांगा. बाहेर पाचदहा मिनिटं गवत हुंगू दे. मग बघा. शेपटाबरोबर कंबरही हलतेय, तोंड सैल उघडं आहे, मध्येच तुमच्याकडे वळून बघतंय, तर ठीक. शेपूट ताठ उभं धरून नुसतं टोक हलवतंय, अंग कडक, नजर रोखलेली, तर थांबा, हात पुढे करू नका. शेपूट हलतंय म्हणजे खूशच आहे, हा समज चुकीचा आहे. आणि डोक्यावरून हात फिरवू नका. कुशीत, छातीला खाजवा. कार्यकर्त्यांना विचारायचे प्रश्न दोनच : ताटातलं खात असताना जवळ गेलं तर काय करतं, आणि लहान मुलं, मांजर, दुसरी कुत्री यांच्याशी कसं वागतं. खरं उत्तर न देणाऱ्या निवाऱ्यातून कुत्रं आणू नये, आमच्या निवाऱ्यातूनसुद्धा.

घरी आणल्यावर पहिले तीन दिवस ते तुम्हाला वेगळंच कुत्रं वाटेल. निवाऱ्यात उड्या मारणारं घरात भिंतीला धरून चालतं. कारण साधं आहे, गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय घसरतात. जन्मभर माती आणि डांबर. दोन जुनी सतरंजी-बस्करं टाकली की निम्मा प्रश्न सुटतो. कुकरच्या शिट्टीला पलंगाखाली जातं. लिफ्ट म्हणजे तर अचानक हलणारी खोली, तेव्हा पहिले काही दिवस जिने. जिने झेपत नसतील तर लिफ्टच्या दाराशी खाऊ देत देत सवय लावावी लागते, घाई चालत नाही. आमच्यात एक अंदाज सांगतात : तीन दिवस बावरलेलं, तीन आठवड्यांत घराची शिस्त कळते, तीन महिन्यांत घर त्याचं होतं. पहिल्या दिवशी आंघोळ नको, भेटायला नातेवाईक नकोत. आणि बाहेर नेताना गळ्यातला पट्टा आणि अंगातला हार्नेस असे दोन्ही लावा. नव्याने आणलेली कुत्री हरवतात ती बहुधा पहिल्या आठवड्यात, ढोलाच्या सरावाला किंवा फटाक्याला बिचकून पट्ट्यातून मान काढून. गणपती ते दिवाळी या दिवसांत तर नवीन कुत्रं आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाण्याबद्दल मला नेहमी विचारतात, “आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही, मग?” चालेल. मांजराचं तसं जमत नाही, पण कुत्रं पिष्टमय अन्नही बऱ्यापैकी पचवतं. मात्र नुसत्या दूध-पोळीवर ठेवू नका. मोठ्या कुत्र्यांना दूध अनेकदा बाधतं, आणि त्यात पुरेसं प्रोटीनही मिळत नाही. घरात अंडं चालत असेल तर उत्तम. नाहीतर पनीर, दही-भात, शिजवलेला भोपळा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तयार शाकाहारी खाद्य. कांदा, लसूण, चॉकलेट आणि द्राक्षं-मनुका बंद. प्रसादाचा शिरा देताना मनुका आठवणीने काढा.

रेबीजची भीती तुमच्या पिढीत खोल आहे. पोटातली चौदा इंजेक्शनं कोणी विसरलेलं नाही. ती जुनी लस २००५च्या सुमारास आपल्याकडे बंद झाली, आताची दंडात देतात. आणि दत्तक दिलेलं कुत्रं लस टोचूनच तुमच्याकडे येतं. तुमचं काम दरवर्षीचा डोस, पावसाळ्यात गोचिडांसाठी औषध आणि महापालिकेचा परवाना. सोसायटीचं म्हणाल, तर कुत्रं पाळायला बंदी घालणारा ठराव करायचा अधिकार सोसायटीला नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तसं स्पष्ट सांगतात. पण कायदा हातात घेऊन चेअरमनकडे जाण्याआधी शी उचलायची पिशवी हातात घेऊन खाली उतरा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

मघाशी मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे : “मी ७४ वर्षांचा आहे. माझ्यानंतर त्याचं काय?” हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत, कारण पिल्लू मागणारे हा प्रश्न कधी विचारत नाहीत. देशी कुत्रं बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. म्हणून तुम्हाला मी सात-आठ वर्षांचं कुत्रं सुचवेन. आमच्या फॉर्मवर दुसऱ्या माणसाच्या सहीची जागा असते. तुम्ही आजारी पडलात, दवाखान्यात गेलात किंवा नसलात, तर कुत्रं कोण नेणार त्याचं नाव आणि सही. मुलगा अमेरिकेत असेल तर त्याची सही आम्ही घेत नाही. पुण्यातलं माणूस हवं. शेजारचे, पुतण्या, सकाळी तळजाईला बरोबर फिरायला येणारे मित्र, कोणीही. तेही नसेल तर फॉस्टर म्हणून घ्या, म्हणजे कुत्रं कागदोपत्री आमचंच राहतं, दवाखान्याचा खर्च आमचा, आणि अडचण आली की एका फोनवर आम्ही येऊन घेऊन जातो. त्या दुसऱ्या माणसाशी या आठवड्यात बोलून घ्या, आणि रविवारी दहानंतर या. दहाच्या आधी साफसफाई चालू असते, कोणालाच बाहेर काढत नाही.