आधी दारं मोजा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'जुनं स्टेडियम आणि अव्वल लीग'. साध्या भाषेत सांगायचं तर, उद्या कोल्हापूरचा एखादा फुटबॉल संघ एकेक पायरी चढत वर गेला, तर त्याला घरचे सामने आपल्या शाहू स्टेडियमवर खेळता येतील का? हा प्रश्न पेठेत कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "न यायला काय झालं? पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लबच्या सामन्याला पाय ठेवायला जागा नसते!"

माझं भांडण या उत्तराशीच आहे. पाय ठेवायला जागा नाही, हे तपासणीला आलेल्या माणसाला कौतुकानं सांगायला जाल तर तो तिथंच वही काढेल. (शिवाजी तरुण मंडळवाल्यांनी नाराज होऊ नये, तुमच्या सामन्यालाही नसते.)

आपल्याकडे २०२३ पासून आय-लीगचा, म्हणजे दुसऱ्या पायरीवरच्या लीगचा, विजेता आयएसएलमध्ये, म्हणजे अव्वल लीगमध्ये, चढू लागला. पहिला मान पंजाब एफसीला मिळाला. संघ पंजाबचा आणि घरचे सामने दिल्लीत, जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर! क्लबच्या परवान्याच्या अटी पाच गटांत असतात: खेळ, सुविधा, माणसं, कायदा आणि पैसा. आपण पहिल्या गटावर रात्ररात्र बोलतो. अडकायला होतं ते दुसऱ्यात.

हे दुखणं जुनं आहे आणि ज्या देशानं आपल्याला हा खेळ दिला तिथलंच आहे. इंग्लंडमध्ये पाचव्या पायरीवरच्या लीगचा विजेता चौथ्या पायरीवर जातो. १९९४ मध्ये किडरमिन्स्टर जिंकला, मैदान बसत नाही म्हणून खालीच राहिला. १९९५ मध्ये मॅकल्सफील्ड जिंकला, तेच कारण. यातली गंमत ऐका. १९९० ते १९९२ अशी दोन वर्षं चेस्टर हा वरच्या लीगमधला क्लब स्वतःचं मैदान नसल्यामुळे मॅकल्सफील्डच्याच मैदानावर भाड्यानं खेळत होता. म्हणजे भाडेकरू राहिला तेव्हा घर चांगलं, आणि मालक राहायला आला तर पडकं! १९९६ मध्ये स्टीव्हनेज जिंकला. सहा हजारांची क्षमता आदल्या ३१ डिसेंबरपर्यंत तयार हवी होती. ती झाली नव्हती, आणि लीग जिंकली ती त्यानंतर. क्लब कोर्टात गेला. न्यायाधीशांना अटींमध्ये खोट दिसली, पण त्यांचं म्हणणं पडलं की तक्रार होती तर हंगामाच्या आधी यायचं, कप उचलल्यावर कसले येता? वरच्या लीगच्या तळाला राहिलेला टॉर्की युनायटेड जागच्या जागी वाचला. स्टीव्हनेजला वर जायला २०१० उजाडलं. चौदा वर्षं! आपल्याकडे एवढ्या वेळात तालमीच्या तीन कार्यकारिणी आणि सहा फाटाफुटी होतात.

स्कॉटलंडमध्ये तर अव्वल लीगलाच दहा हजार खुर्च्यांची अट होती. २००३ मध्ये फॉल्कर्कनं दुसरी पायरी जिंकली, पण त्यांचं ब्रॉकव्हिल मैदान अटीत बसेना. तळाचा मदरवेल खाली जायचा वाचला. ब्रॉकव्हिलच्या जागी आज सुपरमार्केट आहे. पुढच्या वर्षी इन्व्हरनेस चढला, तर त्यांना घरचे सामने खेळायला ॲबर्डीनला जावं लागलं, दीडशे किलोमीटरच्या वर. आपण घरच्या सामन्याला साताऱ्याच्या पुढे जायचं, असं समजा. मधल्या पेठेतून शेवटच्या पेठेत जायला जे कुरकुरतात त्यांचं मी नाव घेत नाही. मग लीगनं अट सहा हजारांवर आणली आणि जानेवारी २००५ मध्ये इन्व्हरनेस आपल्या गावी परतला.

आता तुम्ही म्हणाल, हे कागदी लोक, यांना फुटबॉल काय कळतो? मीही असंच म्हणालो असतो, ब्रॅडफर्ड झालं नसतं तर.

११ मे १९८५. इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड सिटी क्लबनं तिसऱ्या पायरीची लीग जिंकलेली, त्या दिवशी कप हातात मिळायचा होता. गाव लोटलेलं. मुख्य स्टँड लाकडी आणि जुना. वर चढलं की सुरक्षेचा कायदा लागू होणार, म्हणून तो पाडून नवा बांधायचं ठरलेलंच होतं, लोखंडही येऊन पडलेलं. पायऱ्यांच्या फळ्यांमध्ये फटी होत्या. त्यातून वर्षानुवर्षं कागद, कप, पुड्या खाली पडत राहिल्या. आगीनंतर तो कचरा उकरला तेव्हा १९६८ सालचं वर्तमानपत्र सापडलं आणि जुन्या नाण्यांतली किंमत छापलेला शेंगदाण्याचा कागद सापडला. इंग्लंडनं नाणी बदलली १९७१ मध्ये, म्हणजे ती पुडी किमान चौदा वर्षं तिथंच होती. कुणीतरी पेटतं काहीतरी टाकलं आणि पाच मिनिटांच्या आत अख्खा स्टँड पेटला. जे पुढे, मैदानाकडे पळाले ते वाचले, कारण पुढे जाळी नव्हती. जे मागे, आले त्या दारांकडे गेले, त्यांना बरीच दारं बंद सापडली. छप्पन्न माणसं गेली. कचऱ्यात सिगारेट पडली तर काय होईल, हे आदल्या वर्षी पत्रानं कळवलेलं होतं.

शेंगदाण्याची पुडी मुद्दाम सांगितली. आपली गॅलरी लाकडी नाही, पण पुड्या त्याच आहेत.

त्याआधी, २ जानेवारी १९७१ ला, ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर सामना संपून लोक बाहेर पडताना जिन्यावर ६६ गेले. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डचं हिल्सबरो मैदान, त्याचा हिशेब पुढे सांगतो. ४ जून २०२५ ला बंगळुरूत क्रिकेट संघाच्या विजयोत्सवाच्या दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांपाशी अकरा जण गेले. यांपैकी एकाही ठिकाणी 'बसायला जागा किती' हा प्रश्नच नव्हता. सगळं घडलं ते येण्या-जाण्याच्या वाटेमुळे.

आयब्रॉक्सनंतर १९७३ मध्ये ब्रिटननं मैदानांच्या सुरक्षेचं एक मार्गदर्शक काढलं, त्याला ग्रीन गाइड म्हणतात. त्यातली एकच गोष्ट आज तुमच्या डोक्यात बसली तरी माझं भाडं वसूल. स्टेडियमची क्षमता म्हणजे चार वेगवेगळे आकडे. आत किती मावतात, एका तासात किती आत येऊ शकतात, सामना संपल्यावर किती बाहेर पडू शकतात आणि संकटात ठरलेल्या मिनिटांत किती बाहेर पडू शकतात. या चारांतला सगळ्यांत लहान आकडा तुमची क्षमता. बाकीचे तीन विसरा. आपण मात्र पहिला आकडा घेतो, त्यात भिंतीवर बसलेले धरतो, झाडावरचे धरतो आणि वर्गणीच्या पावतीवर छापतो.

हिल्सबरोचा हिशेब करून बघा, म्हणजे पटेल. तिथल्या लेपिंग्ज लेन बाजूच्या, उभं राहून बघायच्या गॅलरीची तिकिटं १०,१००. त्यांच्यासाठी एकेक माणूस आत सोडणारी फिरती दारं सात. एका फिरत्या दारातून तासाला ६६० माणसं धरतात. साताचे झाले ४,६२०. म्हणजे सगळे आत यायला दोन तासांच्या वर. आणि लोक काय दोन तास आधी येतात? तीनच्या सामन्याला अडीचला येतात. बाहेर चेंगराचेंगरी व्हायला लागली म्हणून २ वाजून ५२ मिनिटांनी बाहेर जायचं मोठं दार आत येण्यासाठी उघडलं. समोर बोगदा, बोगद्यापुढे आधीच भरलेले मधले दोन कप्पे, आणि कप्प्यांपुढे लोखंडी जाळी. कडेच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे वळवायला कुणी उभं नव्हतं. तीन वाजून सहाव्या मिनिटाला सामना थांबला. मृतांचा आकडा शेवटी ९७ वर गेला. ती जाळी कशासाठी होती? हुल्लडबाज मैदानात उतरू नयेत म्हणून. आपल्याकडे बाटल्या पडल्या की पहिली मागणी जाळी वाढवा हीच येते, आणि त्या जाळीला दार किती ठेवायचं हे कुणी विचारत नाही.

बरं, या सभागृहाला दारं किती, हे आत येताना कुणी मोजलं? तीन. त्यातल्या एकाला आत्ता कुलूप आहे. संयोजकांनी किल्ली कुणाकडे आहे तेवढं बघावं, मी तोपर्यंत पाणी पितो.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, 'दहा मिनिटं'. शाहू स्टेडियमचा भाग तर अजून सुरूच झाला नाही. भरभर सांगतो.

येण्याचं गणित झालं. दहा हजार लोक तासाभरात आत घ्यायचे तर सोळा फिरती दारं लागतात. पण आपल्याकडे झडती असते. माणशी दहा सेकंद धरली तर एका रांगेतून तासाला ३६० जातात, म्हणजे अठ्ठावीस रांगा. झडती दारात घेऊ नका, दाराच्या वीस पावलं आधी घ्या.

जाण्याचं गणित. सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं, जिन्यावर ६६. संकटात बाहेर पडायला वरची मर्यादा आठ मिनिटं, आणि आगीचा धोका जास्त तिथं अडीच. सव्वा मीटरच्या जवळपास, १.२ मीटरचं दार धरा: मिनिटाला ९८, आठ मिनिटांत सातशे ऐंशीच्या आसपास. दहा हजारांना अशी तेरा दारं, सगळी उघडी. जिन्यांवरून असेल तर सोळा. दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. आत उघडणारं दार गर्दी रेटायला लागली की उघडतच नाही. आणि आत माणूस असेपर्यंत प्रत्येक दारावर किल्लीवाला नको, माणूस हवा, दार मात्र विनाकुलूप.

आता खुर्च्या, कारण अव्वल लीगला पायरीवर टेकणं चालत नाही. शंभर मीटर लांबीची पंधरा पायऱ्यांची गॅलरी घ्या. खेटून बसलं तर माणशी चाळीस सेंटिमीटर, म्हणजे ३,७५०. खुर्चीला पन्नास सेंटिमीटर लागतात, झाले ३,०००. दोन मार्गिकांमध्ये अठ्ठावीसपेक्षा जास्त खुर्च्या नकोत, मार्गिका १.२ मीटरची. अशा सात मार्गिका वजा केल्या की ओळीत १८३ खुर्च्या, एकूण २,७४५. आणि पायरीची खोली सत्तर सेंटिमीटरपेक्षा कमी निघाली तर गुडघे मावत नाहीत, एक पायरी सोडून खुर्ची लावावी लागते आणि आकडा तेराशे-चौदाशेवर येतो. जुन्या दगडी-काँक्रीटच्या गॅलऱ्या इथंच मार खातात. दिसण्याच्या बाबतीत शाहू महाराजांनी रोमचं मैदान बघून १९१२ मध्ये बांधलेलं खासबाग कुस्ती मैदान अजून धडा आहे: कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. हल्ली त्याचं माप काढतात. पुढच्याच्या डोक्यावरून नव्वद मिलिमीटर मोकळी नजर उत्तम, साठ चालते.

मैदानाचं. शाहू स्टेडियमची जागा म्हणजे पूर्वीचं रावणेश्वर तळं, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. तळ्याच्या जागी पाणी मुरायला कंटाळतं. वर लाल माती टाकून रोलर फिरवणं हा उपाय नाही, त्यानं वरचा थर दगडासारखा होतो आणि गवताची मुळं दोन बोटं खाली जात नाहीत. खाली पाच-पाच मीटरवर छिद्रांचे पाइप, वर खडी, वर तीस सेंटिमीटर वाळूचा थर आणि मधून कडेला शंभर मीटरला एक मीटर उतार. पाइपांतलं पाणी सोडायला बाहेरचा नाला त्याहून खोल हवा, नाहीतर पावसाळ्यात तेच पाणी उलट येतं. आणि एका दिवशी दोन सामने, तेही महिनोन्महिने, हे कुठलंच गवत सोसत नाही. सराव दुसरीकडे न्या.

दिवे: खेळाडूला जमिनीवरचा उजेड पुरतो, कॅमेऱ्याला उभ्या अंगावरचा लागतो, म्हणून खांबांची उंची आणि कोन आधी ठरवा, दिवे मागाहून घ्या. लाईट गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंतच्या मिनिटांसाठी वेगळी सोय. चेंजिंग रूम, डोपिंग तपासणीची खोली, पत्रकार कक्ष, रुग्णवाहिकेला थेट मैदानापर्यंत वाट, हे सगळं पैशानं होतं. इंग्लंडचा लूटन २०२३ मध्ये प्रीमियर लीगला चढला. १९०५ सालचं मैदान, पाहुण्या प्रेक्षकांचं दार घरांच्या ओळीखालून, जिना चढताना लोकांच्या परसातले वाळत घातलेले कपडे दिसतात. ते दार तसंच राहिलं. एक स्टँड कॅमेरे आणि प्रसारणासाठी उन्हाळ्यात नव्यानं उभा करावा लागला, त्यात घरचा पहिला सामना पुढे ढकलला गेला, पण खेळले तिथंच. तेव्हा जुनं आहे, पेठेत आहे, गल्लीत आहे, हे नापास व्हायचं कारण होत नाही.

आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला. पोरं तयार होतायत. संघ वर जायला राज्य लीगपासून एकेक करत बऱ्याच पायऱ्या आहेत, तेवढा वेळ मोजणीला भरपूर आहे.

दुसरी चिठ्ठी. शेवटचं, मोजायला जाणाऱ्यांसाठी. स्टीलची टेप घ्या, कापडी ताणते. दाराची चौकट मोजू नका, गॅलरीपासून रस्त्यापर्यंतच्या वाटेतली सगळ्यांत अरुंद जागा मोजा, मग ती कठड्याची असो, चेंबरच्या झाकणाची असो की कोपऱ्यातल्या खांबाची. आणि मोजणी सामन्याच्या दिवशीच करा. मंगळवारी सकाळी जे दार तीन मीटरचं असतं, त्याच्यापुढे रविवारी दोन्ही बाजूंना दुचाक्या आणि भेळेचा गाडा लागला की सव्वा मीटर उरतं. वहीत तोच आकडा लिहा.