सॅन फ्रान्सिस्को किती लांब?

मंडळी, अध्यक्षांनी सुरुवातीलाच घड्याळ दाखवलंय. पण विषयच घड्याळाचा आहे, तेव्हा चालेल. मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला असते म्हटलं की लोक विचारतात, "किती लांब?" आणि किलोमीटर ऐकायचे असतात. माझं म्हणणं, विमानाचं अंतर तासांत सांगावं, तेही घराच्या दारापासून.

ही अक्कल मला वडिलांकडून आली. ते डाकेत सॉर्टर होते. १९४९ साली रात्रीची हवाई डाक सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही ठिकाणांहून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायचं. इथं थैल्यांची अदलाबदल, की उजाडता उजाडता विमानं आपापल्या गावी परत. झिरो माइलचा दगड आपण पाहुण्यांना दाखवतो, पण देशाचा मध्य खरा दिसायचा तो त्या धावपट्टीवर! वडील थंडीत घोंगडी पांघरून उभे असायचे. "मद्रास!" अशी हाक आली की थैली खांद्यावर. एकदा एक विमान रखडलं, तर बाकीची तिन्ही खोळंबली, कारण त्यातल्या थैल्या तिघांनाही हव्या होत्या. घरी येऊन म्हणाले, "उडण्यात काही वेळ जात नाही बाबू, वाट पाहण्यात जाते."

आता माझं बघा. नागपुरातल्या महाल भागातून, घरून दुपारी दोनला निघालो. नागपूर-दिल्ली हवेतून साडेआठशे किलोमीटर, पावणेदोन तासांचं काम. विमान उशिरा आलं, मग दिल्लीत पहाटे चारपर्यंत बाकावर. झाले चौदा तास! राजधानी एक्सप्रेसनं झोपून गेलो असतो. मांडीवर संत्रा बर्फीचा डबा. सौ. बजावत होती, "नातवाचा आहे, उघडू नका." पहाटेपर्यंत डबा अर्धा. (हशा)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मुद्दा.

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ पासून ते उलट्या बाजूनं, पॅसिफिकवरून नेऊ लागले. अंतर १५,३०० किमी, म्हणजे चौदाशेनं जास्त. वेळ मात्र साडेचौदा तासांच्या आसपास, जवळपास दोन तास कमी! पृथ्वी फिरते म्हणून नव्हे हो, ते व्हॉट्सॲपवरचं ज्ञान. पृथ्वीबरोबर हवाही फिरतेच. खरी करामत वाऱ्याची. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. विमान हवेत ताशी ९०० नं चाललंय आणि पाठीवर १०० चा वारा आहे, तर जमिनीच्या हिशेबानं १०००. तोच वारा तोंडावर आला की ८००. पंधरा तास हा फरक साचू द्या, लांबचा रस्ता जवळचा होतो. शिवाय वाटेत तारीखरेषा लागते, ती पूर्वेकडे ओलांडली की तारीख एक दिवस मागे येते, म्हणून पहाटे चारला निघालेला माणूस त्याच तारखेला सकाळी तिथं उतरतो.

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणाल तर हेच अंतर १२,४०० किमीच्या आसपास भरतं, आणि दोरा जातो पार उत्तर ध्रुवाजवळून. मग विमान तिकडून का नेत नाहीत? घंटी झाली. चहाच्या वेळी विचारा, मी समोशापाशी सापडेन.