पाय गरम झाले का?

मंडळी, मी नोकरीला लागलो ते १९७९ साल, कोकणातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, लाईट असली तर असली नाहीतर कंदील. एप्रिल आला आणि विंचवाचे पेशंट यायला लागले. लाल विंचू. कौलांत, लाकूडफाट्यात, पेंढ्यात, कुठेही.

पहिल्याच वर्षी आठेक वर्षांचा एक मुलगा डोलीतून आणला. पेंढा काढताना बोटाला चावलेला. मी विचारलं दुखतंय का रे, तर म्हणाला नाही. मला बरं वाटलं, आणि तीच माझी चूक, कारण जो ओरडतो त्याची फारशी भीती नसते, दुखत नाही पण अंग घामाने निथळतंय, उलट्या होतायत, हातपाय बर्फासारखे गार पडलेत, तो पेशंट खरा जाणारा. तेव्हा अॅट्रोपिन, स्टिरॉइड जे शिकवलं ते सगळं दिलं. पहाटे तोंडातून गुलाबी फेस आला आणि पोर गेलं. आईने एवढंच विचारलं, "डॉक्टर, विंचूच चावला होता ना हो? साप नव्हता ना?"

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

आणि त्याच काळात आपल्याच रायगडात डॉ. हिंमतराव बावसकर, १९७६ पासून बिरवाडीच्या केंद्रात, असेच पेशंट रात्र रात्र उशाशी बसून बघत होते, तासातासाला बीपी, नाडी, सगळं लिहून ठेवत होते. विषाने शरीरात अॅड्रेनलिनचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला बंद दरवाजावर धडका मारल्यासारखं काम करावं लागतं, ते थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. मग दरवाजाच उघडा की! प्राझोसिन, ब्लडप्रेशरची साधी स्वस्त गोळी. १९८६ ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं हे काम छापून आलं. पूर्वी अशा गंभीर पेशंटमधले शंभरात चाळीसेक जायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरी गोडाचं केलं होतं.

मला ही गोळी कळल्यावरची पहिली पेशंट एक नऊ वर्षांची मुलगी. गोळी दिली, आडवंच ठेवलं, कारण उठून बसवलं की बीपी धाडकन पडतं. दर तीन तासांनी गोळी, आणि मधल्या वेळात मी आणि सिस्टर आलटून पालटून तिच्या तळव्यांना हात लावत होतो. आधी मांडी गरम लागली, मग पोटरी, उजाडता उजाडता अंगठा. सिस्टर रडायलाच लागल्या. मुलीने पेज मागितली.

पुढे पल्स पोलिओ झालं, कुष्ठरोगाची घरोघर तपासणी झाली, बाळंतपणं तर मोजलीच नाहीत, ते सगळं आज सांगत बसत नाही. वाडीवरच्या भगताशी मात्र मी कधी भांडलो नाही. त्याला म्हटलं, तू मंत्र म्हण, पण घाम फुटलेला आणि पाय गार पडलेला दिसला की आधी माझ्याकडे पाठव. त्याने पाठवले, शेवटपर्यंत पाठवले, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. तरी भातकापणीच्या आधी एकदा आणि उन्हाळा लागताना एकदा, आजूबाजूच्या तीन वाड्यांवर आशाताईंकडे जाऊन बसतो, चहा घेतो, कोणाच्या घरी लहान मुलं आहेत ते विचारतो, आणि मग केंद्रात जाऊन प्राझोसिनच्या पाकिटावरची तारीख बघून येतो.